तिलावा इंग्रजांनीच बुडवली म्हणे!

आत्यानं फॅमिली ग्रुपवर 'इंग्रजांनी लपवलेलं भारताचं टायटॅनिक' अशी हातभर पोस्ट टाकली, फोन करून समजावलं तरी संध्याकाळपर्यंत ती सोसायटीच्या ग्रुपवर पोचलीच. म्हणून लिहूनच टाकतो.

म्हणे 1942 साली मुंबईहून आफ्रिकेला निघालेली तिलावा बोट इंग्रजांनीच स्फोट करून उडवली, कारण जपानी तर नेताजींचे दोस्त, ते भारतीय माणसं असलेल्या बोटीला हात कसा लावतील? अहो, भर युद्धात ब्रिटिश कंपनीची दहा हजार टनी बोट समोर आल्यावर पाणबुडीवाले आत कोण बसलंय ते विचारत नाहीत. 23 नोव्हेंबरला पहाटे तिच्यावर टॉर्पेडो मारले ते जपानच्या आय-29 पाणबुडीनं. नेताजी तेव्हा जर्मनीत होते. आणि एप्रिल 1943 मध्ये मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून उतरून ते ज्या जपानी पाणबुडीत चढले ना, ती हीच आय-29! पोस्टवाल्याची अख्खी थिअरी इथंच आडवी.

'एकही जण वाचला नाही' याचा तर जास्त राग येतो. बोटीवर खलाशी धरून 958 माणसं, 280 गेली, 678 वाचली. पहिल्या टॉर्पेडोनं बोट लगेच बुडाली नाही, घबराटीत घाईघाईनं लाइफबोटी सोडल्या, काही उलटल्या, काही लोक परत बोटीवर चढले आणि मग दुसरा टॉर्पेडो बसला. राहिलेले दोन दिवस लाइफबोटींत नि तराफ्यांवर. 25 तारखेला बर्मिंगहॅम ही ब्रिटिश युद्धनौका आली, तिनं बहुतेकांना उचलून मुंबईला आणलं, म्हणजे 'मदत पाठवलीच नाही' हेही गेलं.

सोबतीला एकही युद्धनौका न देता 732 प्रवासी पाठवले, हे मात्र खरंय. तेवढा एक मुद्दा घ्या.

राहिली बोटीवरची चांदी. ती 'इंग्रजांनी आधीच गुपचूप उतरवली' म्हणे. 2364 विटा होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं घेतलेल्या, नाणी पाडायला. 2017 मध्ये एका ब्रिटिश कंपनीनं त्या अडीच किलोमीटर खोलातून वर काढल्या, मग मालकीवरून केस झाली. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा मे 2024 चा निकाल ऑनलाइन आहे, मुंबईत चांदी चढवली, शत्रूच्या हल्ल्यात बोट बुडाली, सगळं त्यात आहे. उतरवलेली चांदी समुद्राच्या तळाशी परत कोण ठेवून आलं, ते पोस्टवाल्यालाच विचारा.