साप उपाशी राहून तुमचं माप घेत नाही, आधी पेटीतलं टेंपरेचर बघा

आठवडाभर आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, मराठीत पण आणि 'हेब्बावु' म्हणून कन्नडमध्ये पण. एका बाईनं अजगर पाळलेला, तो महिनाभर खायना झाला, रात्री तिच्या शेजारी सरळ लांब होऊन झोपायला लागला, डॉक्टर म्हणाले तो तुमचं माप घेतोय आणि तुम्हाला गिळायला पोट रिकामं करतोय. खाली आणखी एक ओळ, साप खात नसेल तर दूध पाजा नाहीतर जंगलात सोडा. हे वाचून बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या ओळखीच्या काकूंनी पोराला सांगितलं, उद्याच्या उद्या खानापूरच्या जंगलात सोडून ये. त्याचा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, सहा आठवडे खाल्लेला नाही, पोरगं रडकुंडीला आलंय. काकू, हे तुमच्यासाठीच लिहितोय.

आधी माप घेण्याचं. अजगर जिभेनं वास घेतो आणि ओठांवरच्या बारीक खळग्यांनी समोरच्याच्या अंगाची ऊब ओळखतो, दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालतो. शेजारी रात्रभर पडून राहिला तर भक्ष्य पळूनच जाणार की. तो लांब पडतो तेव्हा बहुतेक वेळा ऊब शोधत असतो.

पोट रिकामं करण्याचं तर एकदम उलटं आहे. उपाशी अजगराचं आतडं आकसतं, पचनाचं काम बंद पडतं, आणि खाल्ल्यावरच ते परत वाढतं. बर्मीज अजगरावर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर खाल्ल्यावर ४८ तासांत हृदयाच्या जवनिकेचं (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचं) वजन ४० टक्के वाढलेलं दिसलं. म्हणजे उपासानं मोठ्या घासाची तयारी होत नाही, तयारी घास पोटात गेल्यावर होते. आणि उपास म्हणजे लगेच मरण पण नाही. मार्शल मॅकक्यू यांनी २००७ मध्ये बॉल पायथनसकट तीन जातींचे साप सुमारे सहा महिने उपाशी ठेवून अभ्यासले, त्यात सापांनी शरीराचा खर्च ७२ टक्क्यांपर्यंत कमी केलेला आढळला.

माणूस गिळलाच नाही असं मी म्हणत नाही, इंडोनेशियात सुलावेसीकडे २०१७ आणि २०१८ मध्ये तसं घडलंय, पण ते सात मीटरच्या आसपासचे जाळीदार अजगर होते. काकूंच्या घरातला साडेतीन फुटाचा, उंदीर खाणारा.

मग खात का नाही? थंडी! हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, पेटीच्या गरम बाजूला ३१-३२ अंश लागतात, थंड बाजूला २५-२६, आणि आपल्याकडं डिसेंबरात रात्री स्वेटर घालून झोपावं लागतंय. परवा मी स्वतः थर्मामीटर ठेवून बघितला, गरम बाजूला २४! थर्मोस्टॅटची (गरमी ठराविक ठेवणाऱ्या यंत्राची) वायर निसटून हीटर बंद पडलेला आणि पोरगं हात लावून 'गरम हाय की' म्हणत होतं. वर लपायला जागा नाही, येईल तो पाहुणा साप हातात घेऊन फोटो काढतोय, आणि दर दोन दिवसांनी पुढ्यात उंदीर. कुणाला भूक लागेल? कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात तेव्हाही खात नाहीत, आणि नर विणीच्या काळात महिनोन्महिने तोंड फिरवतात.

तर आधी गरमी नीट करा, दोन लपायच्या जागा द्या, पेटी तीन बाजूंनी कापडानं झाका, आठवडाभर हात लावू नका, मग फ्रोझन उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून संध्याकाळी एकदाच द्या, नाही खाल्ला तर परत आठवड्यानं. वजन भराभर उतरलं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला किंवा तोंडातून फेस आला तर मात्र थांबू नका, सापांची माहिती असलेला व्हेट गाठा.

दूध अजिबात नको. सापाला ते पचत नाही, आणि जबरदस्तीनं ओतलं तर फुफ्फुसात जाऊन निमोनिया होतो. जंगलात सोडणं त्याहून वाईट, हा तिथं मरेल किंवा अंगावरचे किडे, रोग आपल्या सापांना देईल. (आपला देशी अजगर किंवा धामण कुणी पाळत असेल तर ती वेगळी गोष्ट, १९७२ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, वनखात्याला फोन करा. विदेशी सापाची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, ती पोराकडं आहे का तेवढं विचारा.)

काकू, परवा किचनच्या काट्यावर त्याचं वजन केलं, १,२४० ग्रॅम. दिवाळीला पोरानं वहीत १,२६० लिहिलंय. सहा आठवड्यांत वीस ग्रॅम. थर्मोस्टॅट मी लावून दिलाय, पुढच्या रविवारी परत येऊन वजन करतो, तोवर खानापूरला नेऊ नका.