वॉर्डातल्या कार्यकर्त्याला मत कधी?

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या म्हाडाच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, नाव आणि पक्ष दोन्ही मुद्दाम लिहीत नाही. बावीस वर्षं एकाच पक्षाचं काम केलंय त्यांनी. त्यांची मतदार यादी मी बघितलीये, पानं हाताळून मऊ पडलीत, वारलेल्यांवर लाल पेनाने काट, घोडबंदरला राहायला गेलेल्यांपुढे नवा मोबाईल नंबर, कुठल्या आजींना बूथवर न्यायला रिक्षा लागते तेसुद्धा लिहिलेलं. २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत काका एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्राची, वाट बघत होते आणि फॉर्म गेला आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्याला.

तिकीट सगळ्यांना मिळत नाही, ते मान्य. पण वॉर्डातल्या एकाही कार्यकर्त्याला कुणी विचारलं नाही, याचा मला मनापासून राग आलाय.

लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम २९अ खाली नोंदणी करताना प्रत्येक पक्ष लोकशाहीवर निष्ठा ठेवू असं लिहून देतो. पण नंतर ते पाळलं नाही तर? फसवून नोंदणी घेतली वगैरे मोजके अपवाद सोडले तर निवडणूक आयोगाला नोंदणी रद्द करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ लाच सांगितलंय. शिवसेनेच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने पक्षाच्या घटनेतल्या लोकशाहीच्या अभावावर स्पष्ट बोट ठेवलं होतं, आणि ठाण्यात तेव्हा घराघरात भांडणं झाली, पण सगळी धनुष्यबाण कुणाचा यावर, कार्यकर्त्याला मत आहे का हा प्रश्न मी तरी एकाही नाक्यावर ऐकला नाही.

काँग्रेसने २०२२ ला अध्यक्षपदासाठी मतदान घेतलं, खर्गेंना ७८९७, थरूरना १०७२. निदान विरोधात किती जण आहेत ते आकड्यात दिसलं, मला ते आवडलं. पण मत फक्त प्रतिनिधींना, आणि उमेदवारी तिथेही वरूनच ठरते.

माझं म्हणणं एवढंच, दोन वर्षं जुन्या सदस्यांनी वॉर्डाचा उमेदवार गुप्त मतदानाने ठरवावा आणि हे कायद्यात यावं. लोक म्हणतात बोगस सदस्य भरतील, पैसे वाटतील. वाटतील ना, मग सदस्य यादी आधी जाहीर करा, हरकती घ्या, मतदार यादीवर घेतो तशाच. मतदार यादीत घोळ होतात म्हणून आपण निवडणुकाच बंद केल्या का?

तुमच्या वॉर्डात कुठल्याही पक्षाने असं मतदान कधी घेतलं असेल तर सांगा, मी काकांना घेऊन बघायला येईन.