सरन्यायाधीश स्वतःचा वारस निवडत नाहीत

नवे सरन्यायाधीश येणार अशी बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘घटनेनुसार भारताचा सरन्यायाधीश आधीचा सरन्यायाधीशच निवडतो आणि आपल्या मर्जीतला माणूस बसवतो. हे सगळं कॉलेजियमच्या बंद खोलीत ठरतं, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला कुणी विचारत नाही. चंद्रचूड बाप-लेकांकडे पाहा, दोघंही सरन्यायाधीश. आणि एकदा बसलेल्या माणसाला कुणीच हलवू शकत नाही.’ चांगली शिकलेली माणसं हा मजकूर पुढे पाठवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. न्यायाधीशांच्या नेमणुकांवर टीका करण्यासारखं बरंच आहे, पण हा मजकूर ती टीका भलत्याच दारात नेऊन उभी करतो.

‘घटनेनुसार’ या शब्दापासूनच सुरुवात करू. घटनेत असं काहीही लिहिलेलं नाही. कलम १२४ म्हणतं की सर्वोच्च न्यायालयाच्या प्रत्येक न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्रपती करतील, आवश्यक वाटेल त्या न्यायाधीशांशी विचारविनिमय करून. इतर न्यायाधीश नेमताना सरन्यायाधीशांचा सल्ला घेणं बंधनकारक आहे, खुद्द सरन्यायाधीश नेमताना मात्र तेवढीही अट नाही. सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशालाच हे पद मिळेल, असंही त्या कलमात नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकीला सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करावी अशी सूचना घटना समितीत आली होती. २४ मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. सरन्यायाधीश झाला तरी तो माणूसच, सामान्य माणसाच्या भावना आणि पूर्वग्रह त्यालाही असतात, त्याच्या हाती असा नकाराधिकार देणं धोक्याचं, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मग ज्येष्ठता आली कुठून? ती परंपरा आहे. सरकार आणि न्यायालय यांच्यातल्या ‘मेमोरँडम ऑफ प्रोसिजर’ या कार्यपद्धतीत ती लिहून ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाला, तो पात्र वाटत असेल तर, सरन्यायाधीश करावं, असं ती सांगते. प्रक्रिया सुरू करतात कायदामंत्री. तेच मावळत्या सरन्यायाधीशांकडे शिफारस मागतात. ती पंतप्रधानांकडे जाते, पंतप्रधान राष्ट्रपतींना सल्ला देतात, राष्ट्रपती नेमणूक करतात. म्हणजे मावळते सरन्यायाधीश नाव कळवतात हे खरं, पण ते नाव ज्येष्ठतेच्या यादीत आधीपासून वर असतं.

मर्जीचा मुद्दा तपासायला २०१८ साल पुरेसं आहे. १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायाधीशांनी पत्रकार परिषद घेऊन सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या खटलेवाटपावर जाहीर आक्षेप घेतला. असं आपल्याकडे त्याआधी कधी घडलं नव्हतं. त्या चौघांत रंजन गोगोई होते. काही महिन्यांनी मिश्रांची निवृत्ती जवळ आली, तेव्हा त्यांनी शिफारस केली ती याच गोगोईंची, आणि ३ ऑक्टोबरला गोगोईंनी शपथ घेतली. मर्जीवर पद मिळत असतं तर त्या चौघांपैकी कुणाचं नाव पुढे गेलं असतं का?

कॉलेजियमबद्दल थोडक्यात. ज्येष्ठ न्यायाधीशांचं हे मंडळ सर्वोच्च न्यायालयात कोणाला आणायचं याची शिफारस करतं, उच्च न्यायालयांतल्या नेमणुकांसाठीही शिफारस करतं. सरन्यायाधीश कोण हे ते ठरवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती बाहेरच्या राज्यातून येतात आणि बदलून जातात, ते कॉलेजियमच्या शिफारशीवर. दिल्लीतल्या सरन्यायाधीशांची बदली होत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने या दोन गोष्टींची सरमिसळ केलेली दिसते.

‘सरकारला कुणी विचारत नाही’ हा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण सरकारने या पदासाठी आपल्या पसंतीचा माणूस निवडला तेव्हा काय झालं हे आपण पाहिलं आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला आणि घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही असं ठरलं. २६ एप्रिलला अजित नाथ राय सरन्यायाधीश झाले. त्यांच्याहून ज्येष्ठ असलेल्या शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावललं गेलं. तिघंही निकालात सरकारच्या विरोधात गेलेल्या बहुमतात होते, राय अल्पमतात होते. तिघांनी राजीनामे दिले. पुढे आणीबाणीत, स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते की नाही या खटल्यात हंस राज खन्ना एकटे नागरिकांच्या बाजूने उभे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनाही डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना नेमलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

यानंतरचा प्रसंग फारसा सांगितला जात नाही. १९७८ च्या फेब्रुवारीत बेग निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेने पाळी होती यशवंत विष्णू चंद्रचूड यांची. आणीबाणीतल्या त्याच खटल्यात चंद्रचूड सरकारच्या बाजूने निकाल देणाऱ्यांत होते. आता सत्तेवर जनता पक्ष होता, त्याचे कितीतरी नेते त्या काळात तुरुंगात राहून आले होते. चंद्रचूडांना डावला, अशी मागणी झाली आणि तिच्यामागचा राग समजण्यासारखा होता. तरीही जनता सरकारने ज्येष्ठताच पाळली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. आवडत्या न्यायाधीशासाठी मोडलेला नियम नावडत्यासाठी कुणीही मोडू शकतो. १९७७ नंतर आजतागायत कुणालाही डावललं गेलेलं नाही.

(त्याआधी, १९६४ मध्ये, ज्येष्ठ न्यायाधीश जाफर इमाम यांच्याऐवजी साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले. इमाम यांची प्रकृती ढासळली होती. ‘पात्र वाटत असेल तर’ या शब्दांचा खरा उपयोग अशा वेळी असतो.)

पुढच्या सरकारांनाही ही ज्येष्ठतेची पद्धत अमान्य नव्हती. कॉलेजियम रद्द करण्यासाठी २०१४ मध्ये संसदेने न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा केला. २०१५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. पण त्या कायद्यातही सरन्यायाधीशपदासाठी सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश, पात्र असल्यास, हीच तरतूद होती. याउलट शेजारच्या पाकिस्तानात ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली आणि तीन ज्येष्ठांपैकी एक निवडण्याचं काम संसदीय समितीकडे गेलं. पहिल्याच फेरीत मन्सूर अली शाह आणि मुनीब अख्तर मागे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकाचे याह्या आफ्रिदी नेमले गेले.

चंद्रचूड बाप-लेक: वडील जुलै १९८५ मध्ये निवृत्त झाले, मुलगा नोव्हेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाला. मधे ३७ वर्षं. धनंजय चंद्रचूड यांच्या नावाची शिफारस उदय लळित यांनी केली. आणीबाणीतल्या वडिलांच्या त्या निकालाला चूक ठरवणाऱ्या २०१७ च्या खंडपीठात मुलगा होता आणि तसं त्याने निकालपत्रात लिहिलंही.

हलवता येत नाही, हेही खोटं. वयाच्या ६५ व्या वर्षी पद आपोआप सुटतं. त्याआधी सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा अक्षमता यासाठी संसदेची दोन्ही सभागृहं विशेष बहुमताने काढू शकतात. हे अवघड आहे आणि अवघडच असायला हवं. एप्रिल २०१८ मध्ये मिश्रांविरुद्ध तशी नोटीस दिली गेली होती, राज्यसभेच्या सभापतींनी ती फेटाळली.

आता ज्या दारात टीका न्यायला हवी तिथे येतो. सरन्यायाधीश कोण होणार हे नेमणुकीच्या कितीतरी वर्षं आधी, सर्वोच्च न्यायालयात प्रवेश मिळतो त्या दिवशीच बऱ्याच अंशी ठरून जातं. ज्येष्ठता तिथल्या नेमणुकीपासून मोजतात, उच्च न्यायालयातल्या सेवेपासून नाही. १० ऑक्टोबर २०११ रोजी दीपक मिश्रा आणि जस्ती चेलमेश्वर यांचा शपथविधी एकाच दिवशी झाला. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आधी झाले होते ते चेलमेश्वर, पण शपथ आधी झाली मिश्रांची. मिश्रा सरन्यायाधीश झाले, चेलमेश्वर कधीच झाले नाहीत. शपथेचा क्रम आणि जन्मतारीख एवढ्यावर पदाची लांबीही ठरते: कमल नारायण सिंह यांना १९९१ मध्ये १७ दिवस मिळाले, थोरल्या चंद्रचूडांना सात वर्षांहून अधिक. परंपरा टिकली तर २०२७ मध्ये बी. व्ही. नागरत्ना पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, तेही ४० दिवसांहून कमी काळासाठी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी नागरत्नांसह नऊ न्यायाधीशांनी एकत्र शपथ घेतली तेव्हाच हा हिशेब मांडता येत होता. ज्यांना जाब विचारायचा आहे त्यांनी त्या टप्प्यावर विचारावा: कुणाला कधी आणलं, कुणाला थांबवलं, क्रम कुणी लावला आणि त्याची कारणं लेखी का मिळत नाहीत.