खुलासा : वाकडा कणा आणि जिम्नॅस्टिक्स

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘कणा वाकडा असेल तर जिम्नॅस्टिक्स बंद करा, नाहीतर तो आणखी वाकेल.’ हे सरसकट खरं नाही.

एक्स-रेवर कॉब कोन (कणा बाजूला किती वाकलाय त्याचं माप) किमान १० अंश भरला आणि मणके पिळलेले दिसले, की स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयात साधारण २५ ते ४० अंशांना ब्रेस (बाक वाढू नये म्हणून अंगावर घालायचा कडक पट्टा) देतात. सरावापुरता तो डॉक्टरांना विचारून काढता येतो. खेळामुळे बाक वाढतो हे सिद्ध झालेलं नाही. रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या (रिबन, चेंडू घेऊन करायच्या प्रकारातल्या) मुलींत तो जास्त आढळतो खरा, पण मुळात लवचीक अंगाच्या मुलीच तिथे निवडल्या जातात. मल्लखांबाने कणा सरळ होतो, हा दावाही तितकाच पोकळ.

खरी काळजी वेगळीच. ब्रिज, बॅक वॉकओव्हर असे मागे कमान टाकायचे प्रकार सतत केल्याने कमरेच्या मणक्याला, बहुधा पाचव्या, बारीक तडा जाऊ शकतो. मागे वाकताना कंबर दुखली, त्यातही एकाच बाजूला, तर तेल चोळत बसू नका. सराव थांबवा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. साध्या एक्स-रेत हा तडा सुटतोही.

ऑपरेशनने मणके जोडून रॉड बसवलेल्यांचं मात्र निराळं: जोडलेला भाग वाकत नाही, ताण शेजारच्या मणक्यांवर येतो. सर्जननी हो म्हणेपर्यंत कोलांटीसुद्धा नको.