झिर्कोनिया, टायटॅनियम आणि तीन दिवसांतले दात: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की दातांच्या इम्प्लांटवरच्या (म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायच्या स्क्रूवरच्या) लेखात मी टायटॅनियम धातूची बाजू घेतली, झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकला चार ओळींत गुंडाळलं, आणि तीन दिवसांत फिक्स दात मिळत असताना लोकांना सहा-सहा महिने कशाला थांबायला सांगते. शेवटी लिहिलंय की आईंचे खालचे सगळे दात गेलेत आणि निर्णय याच महिन्यात घ्यायचाय. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

झिर्कोनियाबद्दल तुमचं बरोबर आहे. मी फक्त एकसंध प्रकाराबद्दल लिहिलं होतं, ज्यात स्क्रू आणि वरचा खुंटा एकच असतो. आता दोन भागांतले पण मिळतात, ते राहून गेलं, लेखात दुरुस्त करते. समोरचा दात असेल आणि हिरडी पातळ असेल तर टायटॅनियमची करडी झाक दिसू शकते, तिथे पांढरा झिर्कोनिया खरंच छान. पण तो सिरॅमिक आहे, वाकत नाही, ताण जास्त झाला की तुटतो, बारीक साइजचा असेल तर धोका अजून वाढतो. टायटॅनियमचे इम्प्लांट स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी पहिल्या पेशंटला १९६५ साली बसवले, तेव्हापासूनचा अनुभव गाठीशी आहे, झिर्कोनियाचा तेवढा नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता तीन दिवसांचं. ते बहुतेक बेसल इम्प्लांट असतात, खोलवरच्या कडक हाडात घट्ट धरतात आणि सगळे मिळून एका ब्रिजने, म्हणजे जोडलेल्या दातांच्या एका सलग पट्टीने, बांधतात, म्हणून लगेच दात लावता येतात. ही पद्धत खोटी नाही. पण सुरुवातीची ती पकड नुसती स्क्रूची असते, हाड अजून चिकटलेलं नसतं. नेहमीच्या इम्प्लांटमध्ये तर स्क्रूची पकड हळूहळू सैल होत जाते आणि नव्या हाडाची वाढत जाते, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अशी वेळ येते की पहिली कमी झालेली असते नि दुसरी पुरेशी आलेली नसते. एकट्या दाताला तेव्हा आधार द्यायला शेजारी कोणी नसतं, म्हणून थांबायचं.

पण मटेरियलवर आपण जेवढं भांडतो तेवढं इम्प्लांटवर बसवलेला दात साफ कसा राहणार यावर कोणीच बोलत नाही, आणि मला खरं कळकळीने सांगायचंय ते हेच. माझ्या खालच्या दाढेचा इम्प्लांट उत्तम बसला होता, टायटॅनियमचाच. कॅप सिमेंटने चिकटवली. दीड वर्षाने दातांमधल्या छोट्या ब्रशवर रोज रक्त दिसायला लागलं, दुखत काहीच नव्हतं. एक्स-रेमध्ये हिरडीखाली खडूच्या कणीएवढा पांढरा ठिपका, उरलेलं सिमेंट, आणि त्याच्या शेजारचं हाड बशीसारखं खचलेलं. हिरडी उघडून साफ करावं लागलं, आता स्क्रूने बसणारी कॅप आहे, काढून तपासता येते. तिथे झिर्कोनिया असता तरी हेच झालं असतं.

म्हणून आईंसाठी मी आधी हे विचारेन, हाताला कंप आहे का, नजर कशी आहे? फिक्स ब्रिजच्या खालून रोज जाड फ्लॉस ओवून काढावा लागतो किंवा पाण्याच्या फवाऱ्याने धुवावं लागतं, ते त्यांना जमेल का? जमणार नसेल तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचकन बसणारी, काढता येणारी कवळी हा पर्याय बघा. खालच्या पूर्ण दात गेलेल्या जबड्यासाठी साध्या कवळीऐवजी पहिली पसंती हीच असावी असं २००२ सालीच मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटलं होतं. रात्री काढायची, ब्रशने घासायची, झालं. लोक हिला कमी दर्जाचं समजतात, माझ्या मते अजिबात नाही.

आणि बुकिंग करायच्या आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) हवाच, खालच्या जबड्यातून नस जाते, तिच्यापासून निदान २ मिमी अंतर ठेवतात, आणि ते साध्या एक्स-रेवर नीट कळत नाही. शुगर असेल तर ती आधी आटोक्यात. आणि आई हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन घेत असतील तर त्यांचं नाव आणि किती वर्षं चालू आहे ते लिहून पहिल्याच व्हिजिटला द्या, काही औषधांमुळे जबड्याची जखम भरायला फार त्रास होऊ शकतो. स्वतःहून बंद मात्र करू नका.