‘पित्ताचे खडे पडतात’ हा मेसेज चुकीचा. टाकला मीच होता

अंबाझरीच्या आपल्या वॉकिंग ग्रुपवर रविवारी मीच टाकलं होतं: दिवसभर फक्त संत्र्याचा रस, रात्री ऑलिव्ह तेलात लिंबू पिळून प्या, सकाळी पित्ताचे खडे पडून लिव्हर साफ. ते चूक आहे.

त्या मेसेजसोबतच्या फोटोतले हिरवे, मऊ गोळे म्हणजे खडे नव्हेत. प्यायलेल्या तेलाचेच आतड्यात साबणासारखे गोळे होतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली असे गोळे तपासल्याचं छापून आलंय: कोलेस्टेरॉल नाही, कॅल्शियम नाही, ४० अंशांवर वितळले. (आपल्याकडे मे महिन्यात टेबलावरच वितळतील.) खरे खडे सोनोग्राफीत दिसतात. लिव्हर-किडनी सफाईचं काम रोज करतातच. शुगरवाल्यांनी तर दिवसभर रसावर राहूच नये.

मेसेज पुढे पाठवला असेल तर कृपया डिलीट करा, आणि तिथे हा खुलासा टाका.