चालतंय की!

काल दुपारी पाचशे रुपये मोजून मी ‘चालतंय की’ हे वाक्य विकत घेतलं. पावती आहे माझ्याकडं. निळ्या पेननं ‘चेकिंग ५००/-’ असं लिहिलंय आणि त्याखाली एका फराट्यात ‘ओके’. त्या ‘ओके’कडं बघितलं की अजून माझं डोकं तडतडतं.

प्रकरण थोडक्यात सांगतो. आठ महिन्यांपूर्वी मी गेमिंगचा कॉम्प्युटर घेतला. १ लाख ६४ हजार. घरात सांगितलेला आकडा वेगळा आहे, तो इथं लिहीत नाही, कारण हे घरातलंही कुणी वाचेल. कारण सांगितलं होतं ऑफिसच्या कामाचं. मी लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरतो. त्याला लागणारा कॉम्प्युटर म्हणजे आमच्या जुन्या लॅपटॉपएवढा, ज्याचं ‘ए’चं बटण निघालंय. पण वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी माणसानं एकदा तरी घोड्यावर बसून जंगलातून जावं, तेही सांगलीच्या विश्रामबागेतल्या बेडरूममधून, दार लावून, असं मला वाटलं. वाटलं म्हणून घेतला.

आणि घोडा हुकायला लागला.

हुकायला म्हणजे काय ते सांगायला मला तीन आठवडे लागलेत, तरी बघतो. पडद्यावर एकामागून एक चित्रं येतात. सेकंदाला ६० यायची असली तर प्रत्येकाच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. माझ्याकडं सरासरी ११८ येतात, म्हणजे एकेक चित्र साडेआठ मिलिसेकंदात तयार. उत्तम. पण मध्येच एखादं चित्र नव्वद मिलिसेकंद घेतं. दहा चित्रांचा वेळ एकटंच खाऊन बसतं. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि जमीन आधीच आलेली असते, तसा गचका बसतो. सरासरीत तो कुठंच दिसत नाही. वर्षाची सरासरी काढली तर आपली कृष्णापण फार शांत नदी आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सरासरी विचारायला कोण आलं होतं? सगळे ‘आत्ता किती फूट?’ एवढंच विचारत होते.

हे मी बायकोला सांगितलं. तिनं पाच मिनिटं पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली, “मला तर काहीच दिसत नाही.” मुलगा म्हणाला, “बाबा, माझ्या मित्राकडं तीसच येतात.” म्हणजे तक्रार करायची असेल तर आधी मित्राएवढं गरीब व्हायला पाहिजे.

मग उपाय सुरू केले. ड्रायव्हर, म्हणजे चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मुळासकट काढून नव्यानं टाकला. व्ही-सिंक, म्हणजे चित्रांचा ताल पडद्याच्या तालाशी जुळवणारी सोय, चालू केलं, कुणीतरी बंद करा म्हणालं म्हणून बंद केलं. पॉवर प्लॅन बदलला. तापमान बघितलं, सदुसष्ट अंश, म्हणजे मे महिन्यातल्या आमच्या गच्चीपेक्षा थोडंच जास्त. हे करता करता एक नवीनच पाप सापडलं. मी ६००० वेगाची रॅम घेतली होती, पैसे ६००० चे दिले होते, आणि ती आठ महिने ४८०० वर पळत होती. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक पर्याय असतो, तो चालू केल्याशिवाय रॅम आपली कुवत दाखवत नाही. जोडून देणाऱ्यानं तो चालू केलाच नव्हता. मी केला. घोडा हुकायचा तो हुकतच राहिला, फक्त आता जरा ताठ मानेनं.

शेवटी काल कॅबिनेट उचललं. चौदा किलो, एक बाजू पूर्ण काचेची. आईच्या वाकळेत गुंडाळून रिक्षात मांडीवर घेतलं. रिक्षावाला म्हणाला, “पेशंट हाय का काय?” मी हो म्हणालो. त्यानं खरोखर खड्डे चुकवत नेलं.

दुकानातला पोरगा सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. एका कानात इअरबड, तो काढायची तसदी नाही. त्यानं वायरी जोडल्या, गेम लावला, कोपऱ्यातल्या आकड्याकडं बघितलं आणि म्हणाला, “चालतंय की ओ सर.”

“आकडा बघू नका, घोडा बघा.”

“११८ चं ॲव्हरेज देतंय. अजून काय पाहिजे?”

“लिटरला?” मागून आवाज आला.

मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर अडकवलेला. मांडीवर सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, टॉवेलात गुंडाळलेला. माझा पेशंट वाकळेत, त्यांचा टॉवेलात. तासगावकडचे. बेदाण्याच्या शेडवर आठ कॅमेरे बसवलेत, त्यातले दोन दिसत नाहीत म्हणून सकाळच्या गाडीनं आलेले.

“११८ चं ॲव्हरेज?” ते उठून काउंटरपाशी आले. “आवं, आमी एकतीस वर्सं एसटीच्या वर्कशॉपला काढली. लिटरला पाच मिळालं तर पेढं वाटायचो.”

पोरगा हसला. मी हसलो नाही. मला माणूस मिळाला होता.

“काय काम करतासा ह्याच्यावर?” त्यांनी विचारलं.

“डिझायनिंगचं,” मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. त्या क्षणी पडद्यावर चिलखत घातलेला एक माणूस घोड्यावर बसून नदी ओलांडत होता.

“हे डिझाईन व्हय?”

“टेस्टिंग चाललंय.”

त्यांनी चष्मा लावला आणि पडदा बघायला लागले. असं बघणं मी आठ महिन्यांत बघितलं नव्हतं. बायको बघते ती कधी संपतंय म्हणून, मुलगा बघतो तो आपला नंबर कधी लागतोय म्हणून. हे मात्र मान थोडी तिरकी करून, तोंड बंद ठेवून, कानानं ऐकल्यासारखं बघत होते.

“घोडं लंगडतंय,” ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत.

“पुढचा उजवा पाय. नाल बघा त्याचा.” मग अजून थोडं बघून, “थांबा, थांबा. झाडंबी लंगडत्यात. म्हंजे घोड्याचा दोष न्हाई.”

पोरानं इअरबड काढला. मला वाटलं, आता हा ऐकणार. त्यानं तो पुसला आणि परत घातला.

“काका, ते गेम हाय. तसंच असतंय.”

“तसंच कसं असंल? मिसिंग मारतंय हे.” त्यांनी खिशातनं चष्म्याचं पत्र्याचं घर काढलं आणि काउंटरच्या काचेवर त्याची कड वाजवायला लागले. टक, टक, टक, टक. “आता. बघितलं? हुकलं.” टक, टक, टक, टक. “आता.” घोडा हुकला. टक, टक, टक, टक. परत हुकला, अगदी त्यांच्या सांगण्यावर. काच मोडेल म्हणून पोरगा त्या घराकडं बघत होता, घोड्याकडं नाहीच.

तीन आठवडे मी त्या घोड्याच्या पाठीवर आहे. मला एकदाही सुचलं नव्हतं की हे तालात हुकतंय.

“तालात हुकतंय ना,” ते माझ्याकडं वळून म्हणाले, पोराचा नाद त्यांनी सोडला होता, “मग डिझेलमधी कचरा न्हाई. कचरा आसला तर कवाबी हुकतंय, त्याला येळ नसतो. तालात हुकतंय म्हंजे एकच कुठलातरी सिलिंडर काम करीना झालाय. आमी काय करायचो, इंजिन चालू ठेवायचं आणि डिझेल मारणाऱ्या एकेका नोझलचं नट ढिलं करत जायचं. ज्याचं ढिलं केल्यावर आवाज बदलतोय ते नोझल चांगलं. ज्याचं ढिलं करूनबी काय फरक पडंना, ते चोर.”

“ह्यात नोझल नसतं काका,” पोरगा म्हणाला.

“मग काय आसतंय ते ढिलं करा.”

“विंडोज नवीन मारावं लागंल. नाहीतर रॅम वाढवा सर, चौसष्ट करून टाका. करू का?”

बत्तीस होती ती याच्यासारख्याच कुणीतरी आठ महिने झोपवून ठेवली होती. मी नको म्हणालो. त्यानं पावती पुस्तक ओढलं.

“कशाचे पाचशे?”

“चेकिंगचे.”

“पण तुम्ही तर काही नाही म्हणताय.”

“काही नाही ते बघायचेच पाचशे की सर.”

या उत्तरात काही चूक आहे असं मला वाटतं, पण अजून सापडलेली नाही.

आमच्या भागात ‘चालतंय की’ हा काही शब्द नाही, निकाल आहे. त्यावर अपील नसतं. गेल्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून गेलो, तर डॉक्टरांनी मला दारापासून टेबलापर्यंत येताना बघितलं आणि म्हणाले, “चालताय की.” नळाला सकाळी करंगळीएवढं पाणी येतं म्हणून सांगायला गेलो, तर “येतंय की.” वस्तू पूर्ण मरून पडल्याशिवाय तक्रार धरायचीच नाही, असं कुणीतरी कुठंतरी ठरवून ठेवलंय. अर्धमेल्याला दवाखाना नाही. आणि यातली खरी चीड अशी की दुखणं खोटं नसून माणूसच नखरेल आहे असं हळूहळू घरच्यांना, मग त्यालाही वाटायला लागतं. मी तर डोळ्याचा नंबर तपासून आलो होतो. त्याचे तीनशे वेगळे.

घरी येऊन मी नोझल ढिले करायला बसलो. गेम चालू ठेवला, घोडा एका कुरणात उभा केला आणि कॅमेरा गोल गोल फिरवत मागं चालणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद करायला लागलो. इथं उलटं असतं एवढंच, ज्याला बंद केल्यावर फरक पडतो तो चोर. मागं एकूण अकरा जण बसले होते. मी यातल्या तिघांना ओळखतही नव्हतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर जसे असतात तसे. कार्यक्रम पोरांचा, खुर्च्या यांच्या.

सातवा बंद केला आणि घोडा सरळ चालायला लागला.

सातवा कोण? दिव्यांचा. कॅबिनेटच्या पंख्यांत रंगीत दिवे आहेत, त्यांचा रंग ठरवणारा प्रोग्रॅम. रंग तापमानाप्रमाणं बदलायचा म्हणून हा दर थोड्या सेकंदांनी उठून आतल्या प्रत्येक सेन्सरला विचारत होता, “किती अंश? किती अंश?” हे विचारायची आतली वाट फार सावकाशीची असते. उत्तर येईपर्यंत बाकीच्यांचा खोळंबा. म्हणजे १ लाख ६४ हजारांचं यंत्र दर चार टकटकींना थांबत होतं, ते पंख्यानं निळं व्हावं की जांभळं हे ठरवायला. ते दिवे मला नकोच होते. दिवे नसलेलं कॅबिनेट दुकानात नव्हतं, ऑर्डर करावं लागलं असतं, तेव्हा जोडून देणारा म्हणाला होता, “राहू दे की सर, काय खातंय?”

बघा काय खात होतं.

प्रोग्रॅम उडवला. आता रंग ठरवायला कुणी नाही म्हटल्यावर पंखे आपल्या मूळ स्वभावावर गेले. म्हणजे सगळे रंग, एकामागून एक, गोल गोल. रात्री बेडरूममध्ये वरात शिरल्यासारखं दिसतं. बायको भिंतीकडं तोंड करून झोपली. आई सकाळी चहा घेऊन आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “हे गणपतीत मखराच्या मागं ठेवू. दरवर्षी माळा भाड्यानं आणायला नकोत.” या यंत्राचा काहीतरी उपयोग आहे, असं घरात प्रथमच कुणीतरी बोललं.

सगळं संपलं असंही नाही. नव्या गावात शिरलो, नवी जादू बघितली की एखादा गचका अजून बसतो, पण तो तालात नाही, तो डिझेलमधला कचरा. नवीन दृश्य पहिल्यांदा समोर आलं की ते कसं रंगवायचं त्याच्या सूचना ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत तिथल्या तिथं तयार कराव्या लागतात. एकदा केल्या की साठवून ठेवतात, दुसऱ्यांदा गचका नाही. हे काम गेम सुरू होण्याआधी पाच-दहा मिनिटं घेऊन करून ठेवता येतं, काही गेम करतातही. माझ्या गेमवाल्यांनी केलेलं नाही. साडेतीन हजार घेतले आणि स्वयंपाक पंगत बसल्यावर सुरू केला. पहिल्या घासाला प्रत्येक पदार्थ कच्चा. त्यांनाही लिहिलं मी. उत्तर आलंय, इंग्रजीत, लांबलचक, नम्र. मराठीत त्याचा अर्थ तुम्हाला माहीतच आहे.

पण मला पाचशे रुपयांपेक्षा दुसरंच टोचतंय. काल पावती खिशात घालून मी वाकळ गुंडाळत होतो, तेव्हा पोरानं काकांचा डीव्हीआर टॉवेलातनं काढला, जोडला, आतलं रेकॉर्डिंग लावलं आणि पडद्याकडं बघितलं. सहा चौकोनांत बेदाण्याच्या जाळ्या दिसत होत्या, दोन चौकोन काळे.

“आठातले सहा चालत्यात की काका.”

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी थांबायला पाहिजे होतं. “दोन काळे आहेत, मलाही दिसतायत” एवढं म्हणायला काय लागत होतं? पण रिक्षा बाहेर उभी होती, चौदा किलो हातात होते, आणि खरं सांगायचं तर आता पाळी दुसऱ्याची आहे याचं मला बरं वाटलं होतं. मी खांद्यानं दार ढकललं. पायऱ्या उतरेपर्यंत मागून काचेवर आवाज येत होता. टक, टक, टक, टक.